जपानी पोकेमॉन कार्डं घेताना

जपानी पोकेमॉनच्या नेहमीच्या बॉक्समध्ये 30 पाकिटं, प्रत्येकात 5 कार्डं. अशा बॉक्समधून किमान एक ‘एसआर’ (सुपर रेअर) किंवा त्याहून दुर्मीळ कार्ड बहुधा निघतंच. म्हणूनच सुटी पाकिटं टाळा. ते कार्ड आधीच काढून घेऊन उरलेली विकायला ठेवलेली असू शकतात.

लिपी येत नाही म्हणून अडत नाही. डावीकडचा खालचा कोपरा बघा: ‘201/165’ म्हणजे 165 च्या संचातलं त्यापलीकडचं, दुर्मीळ कार्ड. लिझार्डॉनचं, म्हणजे आपल्या चारिझार्डचं, हेच ते देखणं कार्ड.

स्लीव्ह, म्हणजे कार्डाचं प्लॅस्टिकचं कव्हर, मात्र जपून घ्या. ‘जपानी साइज’ लिहिलेली स्लीव्ह यू-गी-ओ या दुसऱ्या कार्ड-खेळाच्या 59×86 मिमी कार्डांसाठी असते. पोकेमॉनचं कार्ड 63×88 मिमी; कोंबलं तर कोपरे दुमडतात. 66×91 मिमीची मागा. स्पर्धेत खेळायचंय? मग इंग्रजीच घ्या.