प्रत्येकी 2,605

डॉक्टरने कालच्या भरीत पार्टीचा हिशोब आज सकाळी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. एकूण 15,630. प्रत्येकी 2,605. खाली नावं: बापू, नाना, दुबई, सुरत. माझं नाव नाही. मला वाटलं, घाईत राहून गेलं असेल. त्याला वेगळा मेसेज टाकला, "माझेही तेवढेच ना?" लगेच उत्तर आलं, "तुझं राहू दे ना भो."

बस्स, एवढंच. आणि मी सकाळपासून दुसरं काही करू शकलेलो नाही.

कोणी ठरवलं हे? कधी ठरवलं? पाचजण मिळून बोलले असतील तर कुठे बोलले? म्हणजे माझ्याशिवायचा एक ग्रुप आहे. त्यात कोणीतरी लिहिलं असणार, "त्याच्याकडून घ्यायचे नाहीत हं," आणि बाकीच्यांनी नमस्काराचे हात टाकले असणार. नानाने तर नक्की. माझं दुकान बंद पडल्यापासून माझ्यामागे बोलणं होत असणार हे मला कळतं, त्याचं वाईट वाटायचे दिवस कधीच गेले. पण 2,605 रुपये? तेवढे आहेत माझ्याकडे. नसते तर मी आलोच नसतो, तब्येतीचं कारण सांगितलं असतं. आलो याचा अर्थ आहेत, एवढं साधं गणित यांना कळू नये?

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग बरंच झालं की." आणि भाजी निवडायला बसली. तो विषय तिथेच राहिला.

खरं तर संध्याकाळ छान झाली होती. चंपाषष्ठी झाली, खंडोबाला भरीत-रोडगा दाखवून झाला, की आमच्याकडे भरीत पार्ट्यांना ऊत येतो. बापूचा मळा बामणोदकडे, म्हणजे वांग्यांचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी तिथेच पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत असताना डॉक्टरला सुचलं होतं की पुढच्या खेपेला व्हिस्कीही धुराचीच ठेवू. म्हणून यंदाचा विषय 'धूर'. आपण वांग्याला पऱ्हाट्यांचा धूर देतो तसा ते लोक जवाला पीटचा देतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेली झाडझाडोऱ्याची माती. ती विटेच्या आकारात कापायची, वाळवायची, आणि मोड आलेले ओले जव तिच्या जाळावर सुकवायचे. धूर त्या ओल्या दाण्याला धरतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. हे सगळं दुबईवाल्याने सांगितलं. ज्या बेटाचं हे सगळ्यात जास्त नाव आहे त्याचा उच्चार 'आयला' असा आहे, हे कळल्यावर पुढची दहा मिनिटं काय झालं असेल ते सांगायला नको.

बाटल्या चार. दोन लिटरची मर्यादा सांभाळून दोन दुबईवाल्याने विमानतळावरून आणल्या, त्या त्याच्याकडून. दोन इथे घेतल्या, त्या हिशोबात. नाव दिसू नये म्हणून चारही बाटल्या नानाच्या लोकरी पायमोज्यांत घालून ठेवल्या होत्या. पायमोजे धुतलेले आहेत असं नाना शपथेवर सांगत होता. नाना म्हणजे नियम. बँकेतून निवृत्त झाला तरी बँक त्याच्यातून निवृत्त झालेली नाही. दारूबंदीचा कायदा 1949 चा आहे, परवान्याशिवाय पिणं गुन्हा आहे, असं म्हणून त्याने सहाही जणांचे एक दिवसाचे परवाने काढायला लावले, माणशी 5 रुपये. मळ्यात, केळीच्या आड, रात्री परवाना कोण बघायला येणार होतं? पण काढले.

सुरतवाला सगळ्यांत आधी हजर. सुरत-भुसावळ गाडीने आला. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातमध्ये आणि अर्धं महाराष्ट्रात, त्यामुळे त्याला तहान फलाटाच्या अर्ध्यावर लागते. दर वर्षी सांगतो, दर वर्षी आम्ही हसतो.

डॉक्टरने दवाखान्यातून औषधाचे ड्रॉपर आणले होते, प्रत्येकाला एक. ग्लासात आधी नाक घालायचं, मग एक घोट, मग थेंब-थेंब पाणी घालून परत नाक. तो म्हणाला की धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू असतो, तो पाणी घातलं की वर पृष्ठभागाकडे येतो. 2017 मध्ये स्वीडनच्या दोघांनी संगणकावर तसं दाखवलं आहे. बापू म्हणाला, "मग आपण इतकी वर्षं अर्धा ग्लास पाणी घालून प्यायचो, ते शास्त्रीयच होतं की." थेंब पडला की व्हिस्कीत तेलकट धागे फिरतात, बल्बच्या उजेडात स्वच्छ दिसले. तेवढ्यापुरते सगळे गप्प झाले. सुरतवाला सोडून. तो प्रत्येक ग्लासानंतर तेच म्हणायचा, "माले ते बठ्ठं सारखंच लागस, भाऊ."

प्रत्येकाला एक कार्ड होतं, वास लिहायचा आणि नंबर लावायचा. दुसऱ्या ग्लासात नाक घातलं आणि मी थांबलोच. टिंक्चर आयोडीन. कापसाचं बंडल. सकाळी शटर वर केल्यावर आतून जो वास यायचा तो, जसाच्या तसा. मी कार्डावर नुसतं 'टिंक्चर' लिहिलं. डॉक्टरने माझ्या कार्डाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. नंतर पायमोजा काढला तेव्हा ती लफ्रॉयग निघाली, 1815 पासूनची. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा औषध म्हणून विकली जायची म्हणतात. ते मला पटलं. माझ्याकडे असती तर मीही काउंटरवर ठेवली असती.

असो.

पहिला नंबर मी तिसऱ्या ग्लासाला दिला. धूर होता पण अंगावर येत नव्हता, मागून काहीतरी गोड येत होतं. बाकीच्यांनी चौथ्याला दिला होता, ती आर्डबेग. दुबईवाला ग्लास हातात धरून भाषण देत होता की तिच्या जवात फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारं द्रव्य, दहा लाखात 55 भाग असतं, आणि तो आकडा बाटलीतला नसून जवाचा असतो, गाळताना बरंच कमी होतं. पहिली टॅलिस्कर, स्काय बेटावरची. तिला कोणी फार विचारलं नाही. आणि माझ्या तिसऱ्याचा पायमोजा काढला तर अमृत, बेंगळुरूची. 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळ्यांनी काढलेली कंपनी, त्यांची सिंगल माल्ट 2004 मध्ये थेट ग्लासगोला जाऊन आधी तिथल्या लोकांना पाजली. जगदाळे म्हटल्यावर बापूने लगेच सोयरीक जुळवायला घेतली. दुबईवाला म्हणाला की स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोन टक्के उडून जाते आणि बेंगळुरूच्या हवेत दहा-बारा, म्हणून तिथली लवकर पिकते. बापू म्हणाला, आपल्याकडे भुसावळला पिंप ठेवलं तर मे महिन्यानंतर नुसतं पिंप राहील, तेही चिरलेलं.

आणि मग सुरतवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ह्याले भो देशीच लागस!"

सगळे जोरात हसले. मीही हसलो. आणि मग हसणं मध्येच थांबलं. एकदम. आधी डॉक्टर थांबला, मग नाना, मग बापूने खाकरून चिवड्याची प्लेट माझ्यापुढे सरकवली. सुरतवाल्याचा हात माझ्या पाठीवरच राहिला होता, तो त्याने काढला.

तेव्हा मला काही वाटलं नाही. आज वाटतंय. हॉस्टेलवर असतो तर या एका वाक्यावर मला तीन दिवस सोलला असता. डॉक्टरने दारावर खडूने 'देशी दारूचे दुकान' लिहिलं असतं. काल सगळे सभ्यपणे थांबले. माझ्यावर हसायचं नाही असंही ठरलंय का त्या ग्रुपमध्ये? बसताना टेकायची खुर्ची मला दिली, ती सहज? निघताना डॉक्टर म्हणाला, "गाडी कशाला काढतो थंडीत, ड्रायव्हर आहे, सोडतो तुला," तेही सहज? मी आता मागच्या सगळ्या गोष्टी उकरून बघतोय. नानाच्या मुलीच्या लग्नात आहेराचं पाकीट त्याने 'राहू दे, राहू दे' करत घेतलं होतं. सगळ्यांचंच तसं घेतलं होतं का?

मेसचा हिशोब मी ठेवायचो. दोन वर्षं. कोणाचे किती, कोणाचं थकलं, सगळं माझ्या लाल वहीत. काही नावांपुढे मी पेन्सिलीने टिंब द्यायचो. टिंब म्हणजे याला आत्ता विचारायचं नाही. टिंब कोणाकोणाला होतं ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. पण आज मला टिंब मिळालंय. आणि हिशोब कोणाकडे, तर डॉक्टरकडे! ज्याला हॉस्टेलवर चहाचे पैसे धड वाटता यायचे नाहीत.

जेवण झाल्यावर दुपारी सवयीने कागद घेतला. म्हटलं, बघू तरी बरोबर लावलंय का. बाटल्या, वांगी, तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, कळण्याचं पीठ, भाकरी करणाऱ्या दोन मावश्या, बर्फ (बर्फ कोणी मागवला हे वेगळं शोधायला हवं, माल्टमध्ये बर्फ टाकलेला दुबईवाल्याला दिसला असता तर तो पायी परत गेला असता), परवाने 30. बेरीज बरोबर. मग भागाकार. 15,630 भागिले 2,605. सहा.

परत केला. सहाच.

मला वगळून पाचजण, तर पाचाने भागायला हवं. माणशी 3,126 यायला हवेत. याने लावलेत 2,605. चौघांचे मिळून 10,420 येतील. राहिले 5,210. म्हणजे बरोबर दोन माणसांचे. एक त्याचा आणि एक माझा.

म्हणजे पाचजणांचं काही ठरलेलंच नाही. ग्रुप नाही, बैठक नाही, नमस्काराचे हात नाहीत. यादीत चारच नावं कारण यादी करणारा स्वतःचं नाव लिहीत नाही; माझं का नाही हे बाकीच्यांच्या लक्षातही आलं नसेल. बापू तर आकडा बघतो आणि पैसे टाकून मोकळा होतो. सकाळपासून मी पाच माणसांवर चिडून बसलो होतो, त्यातल्या चौघांना विनाकारण शिव्या बसल्या. नानाला जरा जास्तच.

याने बरं वाटायला हवं होतं. अर्धा तास उलटंच वाटलं. पाचांत वाटलेली दया माणशी थोडी-थोडी येते, ही सगळी एकाच्याच खिशातून. आणि त्याच्या चिठ्ठ्या इतकी वर्षं माझ्याच काउंटरवर यायच्या. जाऊ दे, ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

मग एकदम हसू आलं. डॉक्टरने गुपचूप काही करायला घ्यावं आणि ते भागाकारात पकडलं जावं! त्याला वाटलं असेल, कोण कशाला कॅल्क्युलेटर काढतंय. अरे, त्या ग्रुपमध्ये कॅल्क्युलेटर काढणारा माणूस एकच आहे आणि त्याच्यापासूनच लपवायचं होतं. मी असतो तर एकूणच लिहिलं नसतं, नुसतं प्रत्येकी लिहिलं असतं. पेन्सिलीचं टिंब द्यायलाही अक्कल लागते.

त्याला मी पाच रुपये पाठवले. टीप लिहिली, 'परवाना. सरकारी देणं मी ठेवत नाही.'

दहा मिनिटं काही नाही. दवाखान्याची वेळ. मग आलं, "भागाकार केलास ना?"

"हो."

"हरामखोर."

त्यावर काय लिहायचं ते सुचेना. बाकीचे 2,600 पाठवायला घेतले आणि थांबलो. पाठवले असते तर जिंकलो असतो; पण तो मग महिनाभर तोंड पाडून बसला असता, त्याचा स्वभाव मला माहीत आहे. नाही पाठवले. उद्याही पाठवणार नाही. चांगली रक्कम आहे, राहू दे. हिचं म्हणणं सकाळीच बरोबर होतं, पण ते मी तिला सांगणार नाही.

आत्ता ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या विषयावरून जुंपली आहे. दुबईवाल्याला शेरीच्या पिंपातल्या हव्यात. बापू म्हणतो सातपुड्यात ओळख आहे, मोहाची ठेवू. नाना विचारतोय मोहाच्या दारूला परवाना कोणत्या रंगाचा असतो. मी लिहिलं, विषय कोणताही ठेवा, हिशोब मी ठेवणार. सुरतवाल्याने लगेच टाकलं, "देशीवाला उना रे उना!"

खाली पाचजणांचे हसणारे चेहरे आले. डॉक्टरने सहा टाकले.