पंचवीसपैकी अकरा
मी कॉलेजात गणित शिकवते. पण पहिलं सत्र सुरू होण्याआधीचा आठवडा माझं काम वेगळंच असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी गणिताचा कोणता कोर्स घ्यायचा ते ठरवायचं आणि फॉर्मवर सही करायची. एकेकाला दहा मिनिटं मिळतात. त्यातली पाच, मोठ्या भावानं किंवा क्लासच्या सरांनी काय सांगितलंय ते ऐकून घेण्यात जातात.

शाळेचे मार्क मी सगळ्यात शेवटी बघते. आधी विचारते, पुढे काय करायचंय? मग तिथून उलटं मागे यायचं. अर्थशास्त्र असेल तर एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस लागणार. कॉम्प्युटर असेल तर तर्कशास्त्र, मोजणीची गणितं आणि मॅट्रिक्स. जीवशास्त्राला सांख्यिकी. दुसरा प्रश्न, शेवटचं गणित कधी सोडवलंस? मध्ये वर्ष गेलं असेल तर शाळेचे मार्क म्हणजे जुनी पुण्याई.

आमच्याकडे एक चाचणीही असते. पंचवीस प्रश्न, चार-चार पर्याय, आणि शेवटी कॉम्प्युटर कोर्सचं नाव सांगून मोकळा. ज्यांनी ती बनवली त्यांना उत्तरं तपासायची होती, मुलं नव्हे. म्हणून मी कच्चं काम केलेला कागद मागून घेते. त्यावर सगळं दिसतं. चिन्ह चुकलं, तर ती घाई. वर्गमूळ काढताना ऋण बाजू विसरली, तर ती सवय. पण एक भागिले अ आणि ब यांची बेरीज, याचे कुणी एक भागिले अ आणि एक भागिले ब असे दोन तुकडे केले, की माझा पेन थांबतो. कॅल्क्युलसमध्ये मुलं नापास होतात ती बहुतेक वेळा कॅल्क्युलसमुळे नाहीच. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, एका ओळीत निघतो. पुढच्या पाच ओळी आठवी-नववीच्या बीजगणिताच्या असतात आणि तिथेच घात होतो.

त्या दिवशी आलेल्या मुलाच्या कागदावर हे तुकडे तीनदा होते. पंचवीसपैकी अकरा. कॉम्प्युटरचा सल्ला, उजळणीचा कोर्स. आणि हा म्हणतो, "मॅडम, मला सिद्धतांवाला कॅल्क्युलस हवाय."

मी माझा ठरलेला प्रश्न टाकला. एका फलनाचा, म्हणजे फंक्शनचा, दोनपाशी डेरिव्हेटिव्ह तीन आहे, सूत्र माहीत नाही, तर तुला काय कळलं? सकाळीच चोवीस मार्कांच्या एका मुलीनं चटकन उत्तर दिलं होतं, "शून्य, कारण तीन स्थिरांक आहे." यानं पेन मागितलं. एक वाकडी रेघ काढून तिच्यावर ठिपका दिला. म्हणाला, "इथे खूप जवळ गेलं की हे सरळ दिसायला लागेल. जरासं उजवीकडे सरकलं की त्याच्या तिप्पट वर." मग थोडा थांबला. "पण मॅडम, न तुटलेला कुठलाही वक्र जवळून सरळ दिसतोच का? एखाद्या ठिकाणी टोक असेल तर नाही, ते कळतं. पण सगळीकडे टोकंच असली तर?"

असा वक्र आहे. जर्मन गणिती वायरश्ट्रासनं १८७२ साली तो बर्लिनच्या अकादमीपुढे मांडला. लाटांवर लाटा रचायच्या, प्रत्येक पुढची लाट आधीपेक्षा बुटकी पण कितीतरी दाट. वक्र कुठेच तुटत नाही आणि कुठेच सरळ होत नाही. त्यानंतर वीस वर्षांनीही एर्मिटसारखा गणिती असल्या फलनांना नाकं मुरडत होता. आणि अपूर्णांक न येणारा हा पोरगा आपला आपण त्याच्या दारात येऊन उभा.

सही कुठे करायची? सिद्धतांच्या कोर्समध्ये दुसऱ्याच आठवड्यात एक भागिले क्ष हे फलन अखंड आहे असं सिद्ध करायला लागतं. छेद किती लहान होऊ शकतो ते आधी बांधून घ्यायचं आणि त्यावरून अपूर्णांक किती मोठा होईल ते ठरवायचं. म्हणजे नेमकं त्याचंच दुखणं. मी त्या कोर्सच्या सरांना फोन लावला. "अकरा? नको पाठवूस." माणूस उत्तम शिकवतो, पण ज्यांना आधीच येतं त्यांना.

मी साध्या कॅल्क्युलसवर सही केली, सोबत बीजगणिताचे जादा तास लावले. त्याच्या प्रश्नावर म्हणाले, "छान प्रश्न आहे, पुढे येईल." दाराबाहेर रांग होती. खरं तर साध्या कोर्समध्ये तो पुढेही येत नाही, हे मला माहीत होतं. कागदावर तीन लाटा काढून दाखवायला दोन मिनिटंही लागली नसती.

तो पास झाला, मधल्या मार्कांनी. दुसऱ्या सत्रात त्यानं सांख्यिकी घेतली. त्या फॉर्मवर सही दुसऱ्या कुणाची होती. परवा जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का रे?"

"कोणत्या, मॅडम?"

सही चुकली असं मी अजूनही म्हणत नाही. अपूर्णांक त्याला आता येतात.