बदल कोण करणार, कशाने करणार?

अमेरिकेतल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवाराचं मुख्य भाषण तिथल्या रात्री होतं, तेव्हा गोव्यात सकाळ असते. ऑगस्टमध्ये शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, डेन्व्हर साडेअकरा. म्हणजे उमेदवार व्यासपीठावर चढतो तेव्हा फोंडा-डिचोलीच्या हॉटेलांत पातळभाजी आणि उंडे टेबलावर आलेले असतात. भाषण संपायच्या आत टेबलाचे दोन तट पडतात. ‘हा खरंच बदल घडवणार’ आणि ‘सगळेच असं म्हणतात’. वाद इथेच अडकतो, कारण दोन्ही बाजू माणसाबद्दल बोलतात. वाक्याबद्दल कुणी बोलत नाही.

‘बदल’ हा शब्द दोन उमेदवारांत निवड करायला निरुपयोगी आहे. २८ ऑगस्ट २००८ ला डेन्व्हरच्या स्टेडियमवर ऐंशी हजारांहून जास्त लोकांसमोर बराक ओबामांनी बदलाची हाक दिली. आठवड्याभरात, ४ सप्टेंबरला, सेंट पॉलमध्ये त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनीही वॉशिंग्टनच्या जुन्या मंडळींना ‘बदल येतोय’ असा इशारा दिला. त्यांचाच पक्ष तेव्हा आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये होता आणि ते स्वतः १९८७ पासून सिनेटर होते.

म्हणून भाषणाची प्रत घ्यावी, ती त्याच दिवशी वर्तमानपत्रांच्या साइटवर मिळते. मग पेन्सिल घेऊन फक्त भविष्यकाळी क्रियापदांखाली रेघ मारावी. तासाभराच्या भाषणातही अशी ठोस वाक्यं थोडीच निघतात; बाकी बालपण, आईवडील, देशाची थोरवी आणि विरोधकावर टीका. रेघ मारलेल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात एक खूण करायची. अध्यक्षाच्या सहीने होणारं असेल तर ‘सही’. कर आणि खर्चापुरतं असेल तर ‘५१’. बाकी कायदा लागत असेल तर ‘६०’. कोर्टाच्या किंवा राज्यांच्या हातातलं असेल तर तसं लिहायचं.

५१ आणि ६० मधला फरक नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक आश्वासनं तिथेच बुडतात. अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे शंभर जणांच्या सिनेटमध्ये, विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. कर-खर्चाच्या विधेयकांना ‘रिकन्सिलिएशन’ नावाची आडवाट आहे, तिथे ५१ वर भागतं. या वाटेने काय जाऊ शकतं यावर सिनेटच्या नियमांची जाणकार अधिकारी मत देते. बायडन यांनी प्रचारात ताशी १५ डॉलर किमान वेतनाचं आश्वासन दिलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये या अधिकाऱ्याने सांगितलं, हे या वाटेने बसत नाही. आश्वासन तिथेच अडलं.

‘सही’ची खूण करतानाही घाई करू नये. क्युबातल्या ग्वांतानामोचा अमेरिकी लष्करी तुरुंग बंद करणं हे वरवर सहीचंच काम. ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला, पदावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी, वर्षभरात तो बंद करायचा आदेश काढला. पण कैद्यांना अमेरिकेत हलवायला पैसा लागतो, आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे. काँग्रेसने पैसा रोखला, तुरुंग राहिला. शिवाय सहीने आलेला बदल सहीनेच जातो. पॅरिस हवामान करारात परत शिरायची सही २० जानेवारी २०२१ ला झाली, बाहेर पडायची २० जानेवारी २०२५ ला.

आता आकडे. ओबामांच्या त्या भाषणात ९५ टक्के कष्टकरी कुटुंबांचा कर कमी करण्याचं वाक्य होतं. समासात खूण ‘५१’. तो शब्द पाळला गेला: २००९ च्या कायद्यात एकट्याला ४०० आणि जोडप्याला ८०० डॉलरपर्यंत सवलत दिली, २००९ आणि २०१० साठी. ती एकरकमी चेकने न देता पगारातली कपात कमी करून दिली. आठवड्याला दहा-बारा डॉलर जास्त. पगाराच्या चिठ्ठीवर एवढा फरक कोण पाहतो? पुष्कळांना कर कमी झाल्याचं कळलंच नाही. पाळलेलं आश्वासनही मतदाराला फसवणूक वाटू शकतं, म्हणून रक्कम किती, किती वर्षं आणि हातात कशी येणार, हे तिन्ही विचारावं.

त्याच भाषणात मॅकेननी ९० टक्के वेळा तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या बाजूने मत दिल्याचा आरोप होता. आकडा खोटा नव्हता. मात्र अशा मोजणीत अध्यक्षाने भूमिका जाहीर केलेली मतदानंच धरतात, आणि नेमणुकांना मंजुरी देण्याची मतंही त्यात येतात. शिवाय ९० ही सरासरी. मॅकेनचा आकडा २००५ मध्ये ७७ होता, २००७ मध्ये ९५. टक्केवारी ऐकली की कशाच्या टक्के, हे आधी विचारायचं.

आणि मुदत. मध्यपूर्वेच्या तेलावरचं अवलंबित्व दहा वर्षांत संपवू, असंही ओबामा त्या भाषणात म्हणाले होते. अध्यक्षाला फार तर आठ वर्षं मिळतात. आठच्या पुढची मुदत म्हणजे जाब विचारायला समोर कुणी नसेल असं आश्वासन. मला ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी परीक्षा वाटते.

सत्तेतल्याच पक्षाचा उमेदवार बदलाची भाषा करतो तेव्हा एकच प्रश्न पुरतो: चालू कारभारातला कोणता निर्णय तुम्ही वेगळा घेतला असता? २०२४ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात कमला हॅरिस नव्या वाटेबद्दल बोलल्या. ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर हाच प्रश्न आला, तेव्हा तसं काही मनात येत नाही, असं त्या म्हणाल्या. हॉटेलातल्या टेबलावरचा संशय त्या उत्तराने पक्का झाला, आणि तो रास्त होता.

गोव्याच्या मतदाराचा कान मात्र वेगळ्या गोष्टीला तयार झालेला आहे. आपल्याकडे चाळीस आमदारांत एकवीस म्हणजे सरकार, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातली दोनतृतीयांशांची अट भरली. म्हणून आपला पहिला प्रश्न असतो, ‘हा निवडून आल्यावर त्याच पक्षात राहील ना?’ अमेरिकेत हा प्रश्न क्वचित पडतो, पण पडला तेव्हा त्याने सगळा हिशेब फिरवला. एप्रिल २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर आर्लेन स्पेक्टर डेमोक्रॅट झाले. तिथे पक्षांतराला अशी काही अट नाही. त्यांच्या येण्याने आणि जुलैत मिनेसोटाची निकालावरून अडलेली जागा सुटल्याने सिनेटमध्ये ओबामांचे साठ भरले. (मे २०१० मध्ये डेमोक्रॅट मतदारांनी स्पेक्टर यांना उमेदवारीच दिली नाही.)

तो साठाचा आकडा टिकला काही महिनेच. आरोग्यविम्याचं विधेयक २४ डिसेंबर २००९ ला सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ ने पार पडलं. प्रतिनिधीगृहाने जूनमध्ये २१९ विरुद्ध २१२ ने मंजूर केलेलं हवामानाचं विधेयक मात्र सिनेटमध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही. १९ जानेवारी २०१० ला मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक रिपब्लिकन स्कॉट ब्राउननी जिंकली, साठाचे एकोणसाठ झाले. डेन्व्हरच्या भाषणाची प्रत ज्यांनी जपून ठेवली असेल, त्यांच्या समासातली ‘६०’ ची खूण असलेली उरलेली बहुतेक वाक्यं त्या दिवशी अडचणीत आली.