तुम्ही विचारलंत म्हणून: गावात फिरवून तुला मिळतं काय?

लग्नकार्यात, रिक्षात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतोच, की रविवारी पहाटे उठून लोकांना जुन्या नाशकात पायी हिंडवतेस, त्यात तुला मिळतं काय? पैशांबद्दल विचारत असाल तर त्यावर घर चालत नाही, थंडीत ग्रुप बरे येतात, मे महिन्यात जवळपास कोणीच नाही, म्हणून शिकवण्या पण घेते. पण विचारणाऱ्याला फक्त तेवढंच नको असतं, म्हणून नीट सांगते.

सुरुवात मी नदीच्या पात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी करते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि गंगेचा पूर मोजायचं आमचं माप म्हणजे हा मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घरोघरी एकच चौकशी, मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, गळ्याशी आलं का. नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. एकदा चौथीतला एक मुलगा मान वर करकरून मारुतीकडे बघत राहिला आणि वडिलांना म्हणाला, मग आपलं दुकान बुडलं असेल ना? वडील तोवर मोबाईलमध्ये होते. भांडी बाजारात दुकान त्यांचं. मग ते जे बोलायला लागले, २०१६ चा ऑगस्ट, शटर उघडायला सुद्धा वेळ मिळाला नाही, पाणी आत शिरलं आणि रिकामी पातेली तरंगत एकमेकांवर आपटत होती त्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येत होता, आणि चौदा अनोळखी माणसं चिडीचूप ऐकत होती. मुलगा तर वडिलांकडे असा बघत होता जसं काही पहिल्यांदाच बघतोय. मी एक शब्द बोलले नाही. हे मिळतं मला.

म्हणजे मी गोष्ट सुरू करते आणि कोणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतं.

काळाराम मंदिराचं तर विचारूच नका. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं, रामशेजचा काळा दगड, हे सगळ्यांना आवडतं. पण २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दरवाजे बंद ठेवले गेले, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला, हे मी दारातच उभी राहून सांगते. एका ग्रुपवाल्यांनी मला आधीच बजावलं होतं, दर्शनाला आलोय, ते राहू दे. मी नाही राहू दिलं आणि कधीच देणार नाही, या दाराची गोष्ट त्याशिवाय पूर्णच होत नाही. त्याच दिवशी मागे उभे असलेले एक आजोबा, ग्रुपमधले नव्हते, बाजूने जाताना थांबलेले, पुढे आले आणि म्हणाले, ताई, माझे आजोबा होते इथं, बाहेर. आत नाही आले शेवटपर्यंत. मग म्हणाले, मी दर वर्षी येतो, आत जातो, पाच मिनिटं बसतो. एवढंच बोलून ते खरंच आत गेले. ज्यांनी मला राहू दे म्हटलं होतं ते सुद्धा त्यांच्या मागोमाग आत गेले आणि कोणी काही बोललं नाही.

आता असल्या गोष्टी दर रविवारी घडत नाहीत हो. बऱ्याचदा लोक फोटो काढतात, मिसळ कुठली चांगली ते विचारतात (माझं उत्तर, सिडकोतली, भांडायचं असेल तर भांडा) आणि जातात. चालतं तेही.

पण तिवंधा चौकात मी रहाडीची जागा दाखवते, रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला दगडी हौद. वर्षभर झाकलेली असते, माणसं तिच्यावरूनच जातात, फक्त रंगपंचमीला उघडतात आणि मग त्या रंगात धप्पा मारायला पोरं रांगा लावतात. तिथे एका वाड्याच्या गॅलरीतून काकू ऐकायच्या. एक दिवस वरूनच ओरडल्या, अगं प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो ते सांग की! तेव्हापासून तेवढा भाग त्याच सांगतात, वरून, ओरडून, मी खाली उभी.

मागच्या रविवारी एकही बुकिंग नव्हतं. तरी पाय तिकडेच वळले. काकू गॅलरीतून म्हणाल्या, आज एकटीच? ये वर, चहा टाकते, आमच्या सासूबाई रहाडीचं काय सांगायच्या ते तुला अजून सांगितलंच नाहीये.