लॉग, आठवडा 9: डेडलिफ्ट 100 वर अडकलंय, कारण ढोल

मागच्या लॉगमध्ये लिहिलेलं की डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं) 100 किलो गुडघ्यापाशी येऊन थांबतंय. तीन आठवडे झाले, अजून तिथेच. मधे एका शुक्रवारी तर 95 इतकं जड लागलं की बार ठेवून मी प्लेट मोजत बसले, कुणी चुकून 5 ची जास्तीची चढवली की काय म्हणून. नव्हती चढवली.

मला वाटलं टेक्निक गंडलंय, म्हणून शेवटी पैसे देऊन कोच लावला. इतके दिवस टाळत होते कारण आधीच्या जिममधल्या ट्रेनरकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पावडरच्या डब्यातच असायचं. बाजूने काढलेले सात व्हिडिओ घेऊन गेले, कोचदादांनी दोनच बघितले आणि विचारलं, "जिमबाहेर काय करतेस?" म्हटलं काही नाही, आयटीत आहे, दिवसभर बसूनच. "आणि संध्याकाळी?" संध्याकाळी ढोल.

दादा हसायलाच लागले.

पुणेकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकाची प्रॅक्टिस असते, आमची नदीपात्रात, आठवड्यातून चार संध्याकाळी अडीच तास. ढोल कमरेला बांधला की तोल सांभाळायला आपण नकळत मागे रेलतो, म्हणजे तेवढा वेळ कंबर आवळलेलीच, उजव्या हातात टिपरू (ढोल वाजवायची काठी) म्हणून पकड गेलेली, मग वडापाव, मग गप्पा, झोपेपर्यंत साडेबारा आणि सकाळी सहाला जिम. डेडलिफ्ट शुक्रवारी, म्हणजे बरोबर गुरुवारच्या प्रॅक्टिसनंतर. मी हे सगळं 'कार्डिओ' म्हणून सोडून दिलेलं, लॉगमध्ये एक ओळ नाही. दादा म्हणाले, "म्हणजे तू आठवड्यातून डेडलिफ्ट एकदा नाही, पाचदा करतेस."

दुसरी चोरी आरपीईत (सेट किती जड गेला याचा दहापैकी आकडा) पकडली. आरपीई 8 म्हणजे सेट संपला तेव्हा अजून दोन रेप (म्हणजे दोनदा उचलणं) निघाल्या असत्या, आणि मी सगळीकडे 8 लिहिलेलं, पण व्हिडिओत शेवटच्या रेपला बार जवळजवळ थांबतोय. "ही आठ आहे? ही साडेनऊ आहे." लाज वाटली राव.

मग बदललं काय, तर जिमच्या चार दिवसांचे तीन केले, रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे फारसे न वाकवता कमरेतून वाकून करायचा प्रकार) सध्या बंद, आणि डेडलिफ्ट मंगळवारी सकाळी, कारण रविवारच्या प्रॅक्टिसनंतर सोमवार रिकामा मिळतो. आरपीई 7 च्या वर जायचं नाही. बेंच प्रेसला (आडवं पडून बार वर ढकलणं) हात लावला नाही, तो बिचारा चाललाय. पहिला आठवडा डीलोड, सेट निम्मे आणि वजन थोडं कमी. मला तर आळशीपणा केल्यासारखंच वाटत होतं, पण चौथ्या दिवशी बुटाची लेस बांधताना कंबर बोलली नाही तेव्हा कळलं की ती गेले दोन महिने बोलत होती. (पायात मुंग्या किंवा कळ जात असेल तर असले प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर, हे दादांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.)

खाण्याचा वेगळाच घोळ. वजन 61, किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तर प्रोटीन 98 च्या आसपास हवं, आणि श्रावणात आमच्या घरात अंडं शिजत नाही. त्यात सोमवारी उपास, म्हणजे नेमकं डेडलिफ्टच्या आदल्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळपास नाहीच. आईशी तह झालाय: उपासाला दही, पनीर आणि दाण्याची आमटी, बाकी दिवस मटकीची उसळ आणि 50 ग्रॅम सोया चंक्स, त्यात 26 ग्रॅम निघतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती सप्लिमेंट) 5 ग्रॅम रोज चालूच आहे, त्याला श्रावण लागत नाही, मी आईला विचारलं नाही.

झोप मात्र अजून जमत नाहीये. सरासरी पावणेसहा तास. गप्पा बंद करा म्हणणं सोपं आहे.

या मंगळवारी 90 चे तीन, आरपीई खरोखरची 7, दादांनी बघून सांगितलेली. पुढचा लॉग विसर्जनानंतर, तोपर्यंत 100 ला हात लावायला बंदी आहे.