सेफ्टी असावी की नसावी : माझ्या शस्त्रपरवान्याचा अनुभव

बाबांच्या नावावरचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर होईपर्यंत अकरा महिने गेले. कागदपत्रांची धावपळ बरीच झाली, पण मला खरोखर अडवून धरणारा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारलेला नव्हता. स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवायच्या हत्याराला हाताने लावायची सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, असावी की नसावी, हा तो प्रश्न.

राजापूर तालुक्यात आमचा काजू बी खरेदीचा व्यवसाय आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेतकऱ्यांचे पैसे रोखीने चुकते करावे लागतात आणि उरलेली रोकड घेऊन रात्री निर्जन रस्त्याने परतावे लागते. हे काम बाबांनी आयुष्यभर केले आणि आता ते मी करते. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगले, की ते कायदेशीर वारसाला देण्यासाठी अर्ज करता येतो. बाबा दोन्ही अटींत बसत होते. मग जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस ठाण्यातील चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी आणि शेवटी प्रशिक्षण, असे सगळे टप्पे आले. त्यांबद्दल अधिक लिहीत नाही. कागद पूर्ण असतील आणि गरज खरी असेल, तर माणूस त्यांतून पार पडतो.

प्रशिक्षणाला जाताना माझे मत पक्के होते. घरात भावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. तेव्हा बाबांचे जुने रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन, रीतसर परवानगीने, सेफ्टी असलेले पिस्तूल घ्यावे असे मी ठरवले होते. बाबांच्या रिव्हॉल्व्हरला सेफ्टीच नाही. त्याबद्दल विचारले की ते म्हणायचे, "रिव्हॉल्व्हरची सेफ्टी बोटात असते." ते मला तेव्हा पटत नसे.

आमचे प्रशिक्षक निवृत्त सुभेदार होते. मुलीचे कारण ऐकताच ते म्हणाले, "ताई, लहान मुलासाठी सेफ्टी नसते, लोखंडी कपाट असते. जी वस्तू तुमच्या अंगठ्याने खाली होते, ती मुलाच्या अंगठ्यानेही होईल." हे मला आधी का सुचले नाही, याचे वाईट वाटले. सेफ्टीचा उपयोग हत्यार कमरेला लावताना, काढताना, कपड्यात अडकल्यावर किंवा झटापटीत दुसऱ्याच्या हाती गेल्यावर होतो, हे त्यांनी एकेक करून दाखवले. 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलाला अंगठ्याची आणि मुठीची अशा दोन सेफ्टी होत्या, तर 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉक 17 ला बाहेरून लावायची एकही सेफ्टी नाही. त्याची सगळी अडवणूक चापात आणि आतल्या यंत्रणेत आहे, चाप पूर्ण दाबल्याशिवाय काडतुसावर आदळणारी पिन पुढे जात नाही. दोन्ही पिस्तुले लढाईत वापरली गेली. त्यामुळे एक बरोबर आणि दुसरे चूक, असे म्हणता येत नाही.

मग त्यांनी सराव घेतला. पिस्तूल रिकामे, सेफ्टी वर म्हणजे लावलेली, शिट्टी वाजली की काढायचे, सेफ्टी खाली करायची आणि चाप दाबायचा. सावकाश केले तेव्हा एकदाही चुकले नाही. नंतर त्यांनी मला मैदानाला दोन फेऱ्या धावायला लावल्या आणि शिट्टी माझ्या पाठीमागून वाजवली. दहापैकी तीन वेळा माझा अंगठा हललाच नाही. मी चाप दाबत राहिले, आणि पिस्तूल दगडासारखे हातात होते. धावून येणारा माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, हे त्यांनी आधी सांगितले होते. त्या तीन वेळांत तो दीड सेकंद कुठे गेला, ते मला कळले.

हे पाहून मी सेफ्टीच्या विरुद्ध गेले असते, पण पावसाळ्यात एक प्रसंग घडला. आमच्या बाजारपेठेतले एक परिचित व्यापारी आपले पिस्तूल दाखवायला घरी आले. आधी मॅगझीन काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "सेफ्टी लावलेली आहे, घ्या हातात." मी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे नळी भिंतीकडे धरून स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढायला गेले, तर ती ओढली गेली, आणि चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी भरलेले काडतूस बाहेर पडून बाकाखाली गेले. त्या पिस्तुलाची स्लाइड सेफ्टी वर असताना हलत नाही, हे त्यांनाच ठाऊक होते. म्हणजे सेफ्टी लागलेलीच नव्हती. जवळून पाहिले तेव्हा खटका मधल्याच जागी अडकलेला दिसला. त्याच्या मुळाशी तांबूस गंजाची बारीक कड धरली होती, आणि त्यात तेलाने चिकटलेला धुळीचा थर होता. आमच्याकडे खारा वारा आणि आषाढाची ओल लोखंडाला काय करते, हे विळ्या-कोयत्यांवर आपण रोज पाहतो. पिस्तूल मात्र आपण कपाटात ठेवून विसरतो. ते गृहस्थ पांढरेफटक पडले. निवडणुकीच्या काळात जमा केलेले हत्यार परत मिळाल्यापासून त्यांनी ते उघडलेच नव्हते.

यावरून माझे मत बनले ते असे. भरल्या चेंबरचे, हलक्या चापाचे पिस्तूल बाळगून जो महिन्यातून एकदाही सराव करत नाही, त्याच्या पिस्तुलाला हाताची सेफ्टी असलीच पाहिजे. पण तिच्यावर विसंबून चेंबर भरलेले ठेवणे मला मान्य नाही. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरला ती नको. त्याचा चाप दाबताना घोडा मागे जातो आणि नळकांडे फिरते, बोटाला चांगला जोर लावावा लागतो. तो जोर हीच त्याची अडवणूक आहे, आणि घाबरलेल्या माणसाला आणखी एक खटका आठवावा लागत नाही. कायद्याने सर्वांवर एकच नियम लादावा असे मला वाटत नाही. मात्र परवाना देताना घेतलेल्या प्रशिक्षणात त्याच प्रकारच्या हत्यारावर दमलेल्या अवस्थेतला सराव सक्तीचा असावा, असे मनापासून वाटते. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये खाजगी बचावाचा हक्क दिला आहे, पण हत्यार चुकून सुटले तर त्या हक्काचा आधार कुणाला मिळणार?

मी पिस्तुलाचा विचार सोडला आणि बाबांचे रिव्हॉल्व्हरच ठेवले. परवान्यावर त्याचा क्रमांक चढला त्या दिवशी बाबांनी ते माझ्यासमोर उघडले, सहाही कप्पे मला बोटाने चाचपायला लावले आणि मगच हातात दिले. आता दर शनिवारी मी ते कोरड्या फडक्याने पुसते, तेलाचा हलका हात फिरवते आणि सरावाच्या बिनदारूच्या काडतुसांवर दहा वेळा चाप ओढते. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते, आणि त्या व्यापाऱ्यांच्या पिस्तुलाचा खटका परवानाधारक कारागिराने साफ करून दिला आहे.