आईची एकादशी

आज एकादशी. आई सुपात भाजलेले दाणे पाखडत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "माझ्या हातून काही पाप घडलं असेल का रे?"

आपल्याला मुलगेच आवडतात, हे धाकट्याने घरी सांगून आठवडा झालाय. तेव्हापासून देवासमोरचा तिचा वेळ वाढलाय.

मी शेजारी बसलो. सांगितलं, आईच्या लाडाने किंवा घरच्या वळणाने कुणी असं होतं, याला काही पुरावा नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांच्या वर लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात असं एकच जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला, बाकीचं कोडं अजून सुटायचंय. पण हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्य केलंय. आणि अशा संबंधांना गुन्हा ठरवायचं ते ३७७ कलम? ते तर इंग्रजांनी आणलेलं.

ती बराच वेळ गळ्यातली तुळशीची माळ चाचपत राहिली.

"म्हणजे पांडुरंगानेच त्याला असा घडवला."

मी देव फारसा मानत नाही. तरी घसा दाटून आला.

"फोन लाव त्याला. खिचडी गार व्हायच्या आत ये म्हणावं."